विकतचं फाटकं आणि अंगावरचं फाटकं

(वऱ्हाडातील स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या अकोला येथील शिबिरात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



कालपासून आपण मजुरीचे दर, सातबारावर बाईचं नाव, घरातली मारहाण, रेशन अशा विषयांवर बोलतो आहोत. आता शेवटच्या सत्रात मी कपड्यांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत जरा हसू फुटलं. कपडे हा काय चळवळीचा विषय, असं कोणाला वाटलं तर त्यात नवल नाही. पण आपण वऱ्हाडात बसलो आहोत. इथल्या काळ्या मातीत कापूस पिकतो आणि तो वेचायचं काम जवळजवळ सगळं बाया करतात. अशा मुलखात कपडा हा हौसेचाच विषय आहे असं आपण तरी म्हणू नये.

मला बोलायचं आहे ते फाटक्या कपड्यांबद्दल. अमरावतीच्या राजकमल चौकात किंवा इथं अकोल्यात गांधी रोडवर काचेच्या दुकानासमोर क्षणभर उभ्या राहा. आतल्या पुतळ्याच्या अंगावर गुडघ्यावर फाटलेली, मांडीवर घासून पांढरी पडलेली जीन्स असते. शर्टाची कॉलर विरलेली, कोपरावर ठिगळ, जाकिटावर रंगाचे शिंतोडे. हे सगळं नवं कोरं आहे आणि मुद्दाम तसं केलेलं आहे. पुष्कळदा साध्या धड कपड्यापेक्षा ते महागही असतं. आमच्या गटातल्या एका मावशींनी अशी जीन्स पाहून विचारलं होतं, "एवढे पैसे देऊन फाटकंच काहून घेते वो ही पोट्टी?" सगळ्या हसल्या. पण मला तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. आज त्याचंच उत्तर आपण मिळून शोधू.

ही फॅशन आकाशातून पडलेली नाही. कपड्यांच्या मोठ्या कंपन्यांचे कारागीर जुन्या काळच्या कष्टकऱ्यांचे फोटो समोर ठेवून काम करतात. खाणीतले मजूर, गोदीतले हमाल, शेतावरची माणसं, रस्त्यावर झोपणारे बेघर, यांच्या अंगावर कपडा कुठं विरला होता, कुठं ठिगळ होतं, ते पाहून तसाच नवा कपडा बनवतात. २००० साली पॅरिसमध्ये डिऑर या कंपनीनं जॉन गॅलियानो या डिझायनरचे कपडे दाखवले. ते सीन नदीकाठच्या बेघरांच्या चिंध्यांवरून बेतलेले होते. त्यावर बरंच वादळ उठलं. २०१७ साली अमेरिकेत नॉर्डस्ट्रॉम नावाच्या दुकानात खोट्या चिखलाचा थर दिलेली जीन्स ४२५ डॉलरला विकायला होती. चिखल खोटा, कारण ती घालणारा चिखलात उतरणारच नव्हता. २०२२ साली बालेन्सियागा या कंपनीनं चिंधड्या झालेले बूट १८५० डॉलरला विकायला काढले. आपल्याकडच्या एखाद्या शेतमजूर कुटुंबाची वर्षाची सगळी कमाई त्या एका जोडात जाईल.

आता जीन्सचाच इतिहास पाहा. जाड्याभरड्या निळ्या सुती कापडाला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात. तो शब्द आपल्याकडचा आहे. मुंबईच्या डोंगरी भागाशी त्याचं नातं लावलं जातं. गरिबांचं आणि खलाशांचं ते स्वस्त, दणकट कापड. पुढं १८७० च्या सुमारास अमेरिकेतल्या रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. त्याच्याकडं एका लाकूडतोड्या मजुराची बायको आली. नवऱ्याची पँट सारखी फाटते, न फाटणारी शिवून द्या, अशी तिची मागणी होती. डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकून दिले. ती पँट टिकली, मागणी वाढली, आणि १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस या कापडव्यापाऱ्याबरोबर त्यानं पेटंट घेतलं. जीन्सचा जन्म असा झाला.

त्या बाईचं नाव इतिहासानं ठेवलेलं नाही. पण तिची तक्रार मला चांगली कळते, तुम्हालाही कळेल. कारण नवऱ्याची पँट फाटली की ती शिवत बसावं लागत होतं तिलाच. फाटू नये म्हणून एका मजुराच्या बायकोनं मागून घेतलेला कपडा आज फाडून विकला जातो, आणि फाटल्याचेच जास्त पैसे घेतले जातात.

त्याच वर्षांत आपल्याकडं काय चाललं होतं? १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं, त्यामागं इथल्या कापसावरही डोळा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी इकडं मोर्चा वळवला. १८६७ पर्यंत अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. १८७० साली खामगावचा फाटा खास कापसासाठी सुरू झाला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. गाठी बाहेर गेल्या आणि गिरणीचं कापड आत आलं. इथल्या कोष्टी-साळ्यांचे माग बसले, सूत कातणाऱ्या बायांचं काम गेलं. कापसाच्या मागं लागून ज्वारीची जमीन कमी झाली, आणि १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच मुलखातली माणसं अन्नावाचून मेली. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर धड कपडा नाही, ही गोष्ट वऱ्हाडात दीडशे वर्षं जुनी आहे.

फाटकं सगळं सारखं नसतं, हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. मी त्याचे तीन प्रकार करते: लादलेलं फाटकं, पत्करलेलं फाटकं आणि विकतचं फाटकं.

लादलेलं फाटकं म्हणजे काय ते मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात स्वच्छ लिहिलं आहे. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं नेसावीत, शूद्र सेवकाला उष्टं अन्न आणि जीर्ण वस्त्रं द्यावीत. म्हणजे अंगावर काय घालायचं हा हुकूम होता. फाटका कपडा ही जातीची पाटी होती, ती दुरून वाचता आली पाहिजे अशी. गावगाड्यात तेच चालत आलं. राबायचं आणि वर्षाकाठी उतरलेलं लुगडं, विटलेलं धोतर पदरात घ्यायचं. चांगला कपडा घातला म्हणून मार खाल्लेल्या माणसांच्या हकिकती आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरात आहेत.

म्हणून महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बायांशी कपड्यांवर बोलले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून जात ओळखली जाते ते सोडा, स्वच्छ राहा, असं त्यांनी सांगितलं. बायांनी लुगडं नेसायची रीत तिथंच बदलली. त्यात हौस किंवा नटणं कुठंच नव्हतं. अंगावर लावलेली पाटी त्यांनी उतरवून टाकली. दलित बाईनं धड, स्वच्छ, नीट नेसलेलं लुगडं घालून रस्त्यानं जाणं हाच एक सत्याग्रह होता. तिच्या नातीला आज कोणी सांगू लागलं की फाटकं घालण्यात मोठं बंड आहे, तर तिनं हसावं की रडावं?

दुसरं फाटकं पत्करलेलं. त्यासाठी आपल्याला दूर जायला नको. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला परिटाच्या घरात जन्मले. लोकांचे कपडे धुणाऱ्या जातीतल्या या माणसानं १९०५ साली घर सोडलं आणि अंगावर चिंध्यांची गोधडी घेतली. डोक्यावर गाडग्याचं खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. गावात गेले की आधी गटार झाडायचं, मग कीर्तनात लोकांना विचारायचं, सावकाराकडून कर्ज काढून सण का करता, मुलांना शाळेत का घालत नाही? त्यांच्या नावावर धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा आणि वसतिगृहं उभी राहिली, पण अंगावरची चिंधी शेवटपर्यंत गेली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचा अंत झाला. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

बाबांच्या चिंध्या हे बोलणं होतं. तुम्ही ज्याला कपड्यावरून हलका ठरवता तोच तुमचं गाव झाडतो आहे, हे ते न बोलता सांगत. त्यात विकायला काही नव्हतं. पण इथं बाई म्हणून मला एक गोष्ट म्हणायची आहे, बाबांविषयीचा आदर ठेवूनच. घर सोडून चिंध्या पांघरणं पुरुषाला जमलं. कुंताबाई आणि मुलं मागं राहिली. एखादी बाई अशी चिंध्या पांघरून गावोगाव निघाली असती तर तिला संत कोणी म्हटलं असतं? वेडी म्हणून दगड मारले असते, आणि रात्री काय झालं असतं ते मी सांगायला नको. पत्करलेलं फाटकं बाईला परवडत नाही. तिच्या अंगावरच्या फाटक्यातून लोक तिचं अंग बघतात. म्हणून गरीब बाई पदर ओढून ओढून फाटलेलं झाकते. धड लुगडं नाही म्हणून ती सभेला येत नाही आणि लग्नाला जात नाही. तालुक्याच्या कचेरीत अर्ज घेऊन जायलाही कचरते. आपल्या बैठकांना ज्या येत नाहीत त्यांच्यापैकी किती जणी या कारणानं येत नाहीत, याचा कधी विचार करून पाहा.

आणि फाटकं सांभाळण्याचं सगळं कामही बाईचंच. आपल्या आयांनी लुगडं कसं वापरलं ते आठवा. मधे विरलं की ते कापून दोन्ही धड टोकं जोडायची, दांड घालायचा. दांडाचं लुगडंही गेलं की त्याचं बाळाला दुपटं, मग गोधडीचा थर, मग महिन्याच्या दिवसांतल्या घड्या, मग चुलीपाशी फडकं, शेवटी पोतेरं. एका कापडाचे इतके जन्म बाईनं आपल्या बोटांनी करायचे, तेही रात्री दिव्याखाली, दिवसाचं सगळं काम उरकल्यावर. या कामाची गणना कुठल्याही जनगणनेत झाली नाही. आज तीच टाके घातलेली, ठिगळं जोडलेली गोधडी मोठ्या शहरांत भिंतीवर टांगायला विकली जाते. जपानातही असंच झालं. तिकडच्या उत्तरेकडच्या थंड मुलखात गरीब शेतकरी बायका ठिगळावर ठिगळ लावून कपडे टिकवत, त्याला 'बोरो' म्हणतात. एकेकाळी ते लपवायची लाज वाटे, आता ते संग्रहालयात आहेत आणि श्रीमंतांसाठी त्यांची नक्कल होते.

आता आपल्या शेतात या. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटला की सकाळी बायांची रांग निघते. लुगड्यावर किंवा पातळावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला फडकं, कमरेला कापसासाठी बांधलेली झोळी. हा वेश कोणत्या डिझायनरनं काढला नाही. उन्हापासून, खाजेपासून, सुकलेल्या बोंडांच्या टोकांपासून वाचायला बायांनीच तो शोधून काढला. तो शर्ट बहुधा नवऱ्याचा उतरलेला असतो. आपल्या मुलखात किती शेतकऱ्यांनी जीव दिला ते तुम्ही जाणता. वेचणीला येणाऱ्या काही जणींच्या अंगावरचा शर्ट घालणारा माणूस आता नाही. कोपराशी फाटलेला, खांद्यावर विरलेला तो शर्ट ती टाकत नाही. दुसरा नाही म्हणून, आणि दुसऱ्याही एका कारणानं.

शहरातल्या दुकानातल्या फाटक्यात आणि या फाटक्यात फरक काय, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड दिसलं. त्या हंगामात कपाशीवर विषारी औषधं फवारताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. हातमोजे नाहीत, तोंडावर नीट मुखवटा नाही, अंगावर नेहमीचे पातळ, विरलेले कपडे. विष कातडीतून आत जातं. ज्याच्या अंगावरचा कपडा फाटका, त्याच्या अंगात ते लवकर जातं. आणि फवारणीचे ते कपडे घरी कोण धुतं? बाई, उघड्या हातांनी, पुष्कळदा बाकीच्या कपड्यांबरोबर. म्हणजे फाटका कपडा हा आपल्याकडं जिवाचा प्रश्न आहे.

आता एक हिशेब करू. वहीत लिहून घ्या, गावात सांगायला उपयोगी पडेल. एका जीन्सला, सुताची आणि कापडाची घट धरून, साधारण किलोभर रुई लागते. तीन किलो कापसातून किलोभर रुई निघते, बाकीची सरकी. म्हणजे एका जीन्समागं तीन किलो कापूस. वेचणीचा दर गावागावात वेगळा आहे, आपण किलोला १० रुपये धरू. वेचणाऱ्या बाईला एका जीन्समागं मिळाले ३० रुपये. शेतकऱ्याचं पाहा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो पूर्ण मिळाला असं धरलं, आणि तो मिळत नाही हे आपण जाणतो, तरी तीन किलोचे २४३ रुपये झाले. त्यातूनच बी, खत, औषध, आणि वेचणीचे ते ३० रुपयेही. दुकानात ती जीन्स दोन-अडीच हजाराला आहे. आणि गुडघ्यावर फाडली म्हणून किंमत आणखी चार-पाचशे रुपयांनी चढली, तर नुसत्या त्या भोकाची किंमत शेतकऱ्याच्या सगळ्या कापसापेक्षा जास्त झाली. वेचणारीच्या मजुरीच्या सोळा-सतरा पटीपर्यंत ती जाते.

बरं, ते फाडण्याचं काम कोण करतं? तेही मजूरच. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून ती दगडांबरोबर मोठ्या यंत्रात घुसळतात, सँडपेपरनं घासतात, रसायनं फवारून रंग उडवतात. काही ठिकाणी दाबाच्या हवेनं तिच्यावर वाळूचा मारा करत. ती बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. त्याला औषध नाही. तुर्कस्तानात या कामातली तरुण पोरं अशी मेली, तेव्हा २००९ साली तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. पुढच्या वर्षी काही मोठ्या कंपन्यांनीही ती पद्धत सोडल्याचं जाहीर केलं. आपल्या महाराष्ट्रात उल्हासनगरला जीन्स शिवण्याचा आणि धुण्याचा मोठा धंदा उभा राहिला, आणि त्या धुलाईच्या पाण्यानं वालधुनी नदीचं काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा. म्हणजे जुन्या काळच्या मजुराची नक्कल करण्यासाठी आजच्या मजुराचं फुप्फुस आणि गावाची नदी जाते.

तर विकतच्या फाटक्यात असं होतं. कष्टानं कपड्यावर जी खूण पडते ती बाजार उचलतो आणि कष्ट करणारीला मागं ठेवतो. गुडघा विरतो तो वाकून, टेकून काम केल्यानं. खांदा विरतो तो ओझ्यानं. ती खूण बाजाराला हवी आहे, कारण तिच्यात खरेपणा दिसतो. पण ती ज्या अंगावर पडली त्या अंगाला नाव नाही, भाव नाही. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीनं इटलीत मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल दाखवली, आणि कोल्हापूरचं, तिथल्या चर्मकारांचं नाव घेतलं नाही. त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. इकडून ओरडा झाला तेव्हा कंपनीनं मान्य केलं की ही प्रेरणा तिथलीच. म्हणजे ओरडल्यावर ऐकू जातं. पण वेचणाऱ्या बाईच्या शर्टाला कुठलं मानांकन मिळणार? तिच्या बाजूनं आपल्यालाच ओरडावं लागेल.

इथं आपल्यातल्या तरुण मुली मनात म्हणत असतील, की मग आम्ही फाटकी जीन्स घालायचीच नाही का? त्यावर मला स्पष्ट बोलायचं आहे. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथसिंह रावत यांनी फाटक्या जीन्समधल्या एका आईबद्दल जाहीर भाषणात विचारलं, की ही मुलांवर काय संस्कार करणार? देशभर बायांनी त्याला उत्तर दिलं. आपल्याकडंही महाविद्यालयांत, गावच्या पंचायतीत, घराघरात पोरींच्या कपड्यांवर पहारा असतो. आपण त्या पहाऱ्यात कधीही उभ्या राहायचं नाही. मुलीचा गुडघा दिसला म्हणून ज्यांची संस्कृती बुडते, त्यांना कापूस वेचणारीची रक्ताळलेली बोटं कधी दिसलेली नाहीत. जीन्समध्ये मुलीला सायकल चालवता येते, एसटी पकडता येते, मोकळं चालता येतं. तो हक्क तिनं झगडून मिळवला आहे. फाटकी घालायची की धड, हे तिचं तिनं ठरवावं.

फक्त तिनं ठरवताना हा हिशेब तिला माहीत असावा, एवढंच माझं म्हणणं आहे. पोरींनो, दोष तुमच्या माथी मारायचा नाही. तुम्ही घातलीत किंवा नाही घातलीत त्यानं वेचणीचा दर बदलणार नाही. तो संघटनेनं बदलेल. पण निवड असणं आणि निवड नसणं यात फरक आहे, तो विसरू नका. तुम्ही सकाळी फाटकी जीन्स घालता आणि संध्याकाळी बदलता. तुमच्या वयाची दर्यापूरची, बाळापूरची एखादी मुलगी फाटकं घालून शाळेत जायला लाजते आणि घरी राहते. तिला निवड मिळवून देणं हे तुमचं आणि आमचं काम आहे.

आता करायचं काय? मी चार गोष्टी मांडते, त्यांवर चर्चा करू.

पहिली, वेचणीच्या हंगामाआधी प्रत्येक गावात बायांनी एकत्र बसून दर ठरवावा, आणि वजन आपल्या डोळ्यांसमोर व्हावं. काट्यात मारलेला किलो म्हणजे गेलेले दहा रुपये.

दुसरी, वेचणाऱ्या आणि फवारणाऱ्या मजुरांना पूर्ण बाह्यांचे जाड कपडे, हातमोजे, मुखवटा हे कामावर घेणाऱ्यानं आणि सरकारनं मिळून द्यावेत, ही मागणी ग्रामसभेत ठराव म्हणून मांडावी. खत-बियाण्यांच्या योजना निघतात, मग अंगावरच्या कपड्याची का निघू नये? फवारणीचे कपडे वेगळे, मोजे घालून धुवावेत हेही घराघरात सांगावं, आणि हे काम बाईनंच का करायचं हेही विचारावं.

तिसरी, अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापड उद्योगाची वसाहत आहे, आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीच्या 'पीएम मित्र' पार्कची पायाभरणी वर्ध्याहून झाली. कापूस पिकतो तिथंच कापड व्हावं ही मागणी जुनी आणि बरोबर आहे. अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल बंद पडल्या, अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली, त्यात किती घरं बसली ते आपण पाहिलं आहे. पण कारखाना आला की आपोआप न्याय येत नाही. तिथं बायांना लेखी नेमणूक, रात्रपाळीला गाडी, पाळणाघर, संडास हवेत, आणि २०१३ च्या कायद्याप्रमाणं अंतर्गत समिती आहे का, हे सुरुवातीलाच विचारायला हवं. कपडे जुने करायची धुलाई तिथं येणार असेल तर धूळ कुठं जाईल आणि पाणी कुठं सोडतील, हेही. ज्या बाया शेतात राबतात त्यांच्यासाठी त्याच कायद्यात जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिचे सदस्य कोण आहेत ते माहीत करून घ्या.

चौथी, आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून कपड्यांच्या हकिकती लिहून घ्या. दांड कसा घालत, उतरलेलं लुगडं कोण कोणाला देई, ते घेताना काय वाटे, वेचणीला काय घालत, पहिलं नवं पातळ कधी मिळालं. जुन्या कष्टकऱ्यांच्या फोटोंवरून कंपन्या कपडे बनवतात, कारण त्या माणसांचं म्हणणं कोणी लिहून ठेवलं नाही, नुसता फोटो उरला. आपल्या आयांचं तसं होऊ देऊ नका. अशी टिपणं आली तर या अंकासाठी पाठवा, मोडक्यातोडक्या भाषेत असली तरी चालतील.

मावशींनी विचारलं होतं, एवढे पैसे देऊन फाटकंच काहून घेते. माझं उत्तर एवढंच आहे: ज्याच्याजवळ धड कपडा आहेच, त्यालाच फाटकं विकत घ्यायची सोय असते. आपली मागणी आधी सगळ्यांना धड कपडा मिळण्याची आहे, आणि तो विणायला ज्यांचे हात लागतात त्या प्रत्येकीला पुरी मजुरी मिळण्याची.

मी बोलले ते पुष्कळ झालं. आता वेचणीला जाणाऱ्या बायांनी बोलावं, दर्यापूरकडच्या गटापासून सुरुवात करू.